सात मिनिटांत न मावलेली पट्टी

४ जून

प्रिय दादा,

"तू मनातल्या मनात जेवढं बोलतेस तेवढं बाहेर आलं असतं, तर या घरात कुणाला झोप लागली नसती." मी बारा वर्षांची होते आणि तू सव्वीसचा. आईने मला विनाकारण झापलं होतं आणि मी एक शब्दही उलट न बोलता ताटं विसळत होते. तू दारात उभा राहून हे म्हणालास आणि त्या दिवसापासून मी गप्पू झाले. चौतीस वर्षं झाली. ताटं विसळताना अजूनही ते वाक्य आठवतं.

आज ते लिहायचं कारण असं, की मी भाषण करायला शिकतेय. हसू नकोस. वहिनीला वाचून दाखवताना तर अजिबात हसू नकोस.

इथे दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर एक हॉल आहे. दर गुरुवारी संध्याकाळी तिथे नोकरी-धंदा करणाऱ्या माणसांचा क्लब भरतो. वक्तृत्व आणि नेतृत्व, असं दोन्ही शिकवतात म्हणे. अध्यक्ष खालचे दंतवैद्यच आहेत, त्यामुळे सगळे तोंड उघडायला थोडे बिचकतात. एक विमावाला आहे, एक औषधाच्या दुकानातल्या बाई आहेत, बँकेतल्या दोघीजणी आहेत. आणि मी, हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीची, इस्त्री विभागाची सुपरवायझर. मी ओळख करून दिली तेव्हा विमावाला म्हणाला, "अरे वा, म्हणजे तुम्ही सगळ्यांना सरळ करता!" मी हसले. घरी येऊन मग राग आला.

का गेले ते तुला सांगायलाच हवं. फोनवर तुला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहिते.

मार्चमध्ये शिट्टीचा उजवा हात मोठ्या रोलरमध्ये गेला, ते कळवलंच होतं. तीन बोटं गेली, उरलेली दोन वाकत नाहीत. तू लाँड्रीतून निवृत्त झालास त्याच्या आधीपासूनची ती, चादर आत घालताना शिट्टी वाजवणारी. तू तिला "रेडिओ बंद कर" म्हणून ओरडायचास, तीच. एप्रिलमध्ये मॅनेजरने सगळ्यांना बोलावून अहवाल वाचला: कामगाराचा निष्काळजीपणा. मग विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पेनाच्या टोपणाकडे बघत बसले. "नाही ना? छान," म्हणाला, आणि उठला. चार सेकंदंही लागली नसतील. त्या "छान"चा मला अजून संताप येतो आणि त्याहून जास्त स्वतःचा.

शिट्टीने दाद मागितली आहे. सप्टेंबरात चौकशी समिती बसेल, बाहेरची तीन माणसं. तिथे सुपरवायझर म्हणून मलाही बोलावतील. निष्काळजीपणाचा शिक्का राहिला तर तिला कुठल्याच कामावर परत घेणार नाहीत, अगदी घड्या मोजायच्या कामावरही नाही. या वेळी मला टोपणाकडे बघून चालणार नाही.

तुझी,
गप्पू

•

१५ जून

चि. गप्पूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वहिनीला वाचून दाखवलं. मी हसलो नाही, ती हसली. म्हणाली, "आता वन्सं बोलायला लागल्या, तुम्ही कानाला यंत्र लावून घ्या."

क्लबात जातेस हे फार चांगलं केलंस. बोलताना एका माणसाकडे बघायचं. सगळ्यांकडे बघितलं की कुणीच दिसत नाही. मी युनियनच्या सभांत असंच करायचो. पाणी आधी प्यायचं, मधे नाही.

पण एक सांगू? क्लब हौसेची जागा आहे. तिथे तुझ्या लहानपणाचं बोल. मामाच्या सायकलवरून आपण दोघं नाल्यात पडलो ते सांग, लोक हसतील, तुला धीर येईल. कामावरच्या गोष्टी कामावर. कोण कुणाचा पाहुणा तिथे बसलेला असेल काय सांगावं.

शिट्टीचं वाईट झालं. पोरगी हुशार होती, पण बोलण्याच्या नादात असायची, हेही खरं.

नवा मिस्त्री कसा आहे? अपघातानंतर त्याने मशीन उघडलं होतं का? सहज विचारतो. माझ्या हातची मशीनं, जीव गुंततो.

वहिनीचा गुडघा बरा आहे.

तुझा,
दादा

•

९ जुलै

प्रिय दादा,

मिस्त्रीने काही उघडलं नाही. सुरक्षा विभागाचा माणूस आला, त्याने बोटाने पट्टी हलवून बघितली, "पट्टी जागेवर" असं लिहिलं आणि चहा पिऊन गेला.

आता माझं पहिलं भाषण ऐक. चार मिनिटं, विषय "मी". सायकल आणि नाला सांगितला. हसले लोक, तुझं बरोबर होतं. पण दादा, तिथे एक बाई अडखळे मोजायला बसवलेली असते! समोर कागद, हातात पेन्सिल. आपण "अं" म्हटलं की एक रेघ, "म्हणजे" म्हटलं की एक रेघ आणि वर टेबलावरची घंटी, टिंग. पहिल्या टिंगला मी दचकले आणि म्हणाले, "म्हणजे?" लगेच टिंग. शेवटी उभं राहून तिने जाहीर केलं, "आजच्या नव्या सदस्या: 'म्हणजे' तेवीस, 'अं' अकरा." टाळ्या!

दुसरा एकजण वेळ लावतो. हिरवं कार्ड, पिवळं कार्ड, लाल कार्ड. लाल दिसल्यावर अर्ध्या मिनिटात बसायचं. वाक्य अर्धं राहिलं तरी बसायचं. आणि मग एकजण मूल्यमापन करतो, त्याचीही रीत ठरलेली: आधी गोड, मग कडू, मग पुन्हा गोड. मला म्हणाले, तुमचा आवाज मायाळू आहे, तुमचे हात लपलेले असतात, तुमची साडी छान आहे. या तिन्ही गोष्टींचं मी काय करू?

चिडले, पण पुन्हा जाणार. कारण दुसरं भाषण सात मिनिटांचं आहे आणि विषय आपला आपण निवडायचा. मी शिट्टीवर बोलणार. समितीपुढे मला साधारण तेवढाच वेळ मिळेल, म्हणजे (टिंग) तालीमच होईल. मसुदा सोबत पाठवतेय. तुझ्यासारखं मशीन कुणाला कळतं? बघून दुरुस्त कर. विशेषतः हा परिच्छेद नीट उतरलाय का सांग:

"रोलरच्या तोंडाशी एक आडवी पट्टी असते. हात पुढे गेला की तो आधी तिला लागतो आणि मशीन जागच्या जागी थांबतं. शिट्टीचा हात त्या पट्टीला रेटूनच आत गेला. मशीन थांबलं नाही. मी धावत जाऊन लाल बटण दाबेपर्यंत ते चालत राहिलं."

तुझी,
गप्पू

•

२० जुलै

चि. गप्पूस आशीर्वाद.

मसुदा परत पाठवतोय. निळ्या पेन्सिलीच्या खुणा माझ्या. रागावू नकोस, तूच दुरुस्त कर म्हणालीस.

गोष्ट चांगली आहे, पण सात मिनिटांत दोन मुद्दे मावत नाहीत. पट्टीचा परिच्छेद पूर्ण काढ. लोकांना यंत्र कळत नाही गं, माणूस कळतो. पट्टी, स्विच, बटण म्हटलं की ते घड्याळ बघायला लागतात आणि तो कार्डवाला आहेच. त्याऐवजी हाताबद्दल बोल. ती चादरीचं टोक कसं पकडायची, शिट्टी कशी वाजवायची, आता डाव्या हाताने वेणी घालायला कशी शिकते आहे. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं की भाषण झालं.

आणि शेवट गोड कर. "एका क्षणाचं दुर्लक्ष आयुष्य बदलतं, सांभाळून राहा," असं काहीतरी. क्लबात तसं आवडतं.

मनापासून सांगतो, तू लिहितेस चांगलं. मला ठाऊक नव्हतं.

तुझा,
दादा

•

२२ ऑगस्ट

प्रिय दादा,

महिनाभर पत्र नाही, कारण आधी तयारी करत होते आणि नंतर लाज वाटत होती.

परवा झालं भाषण. तू सांगितलंस तसं. पट्टी काढली. चादरीचं टोक, शिट्टी, वेणी, सगळं घेतलं. एका माणसाकडे बघून बोलले. "म्हणजे" फक्त तीन. हिरवं कार्ड आलं, पिवळं आलं, लाल यायच्या आत संपवलं. बँकेतल्या दोघी रुमाल शोधत होत्या. विमावाला चष्मा पुसत होता. सर्वोत्तम वक्त्याची फीत माझ्या पदराला लावली. दंतवैद्य म्हणाले, "हातांचा काय सुंदर वापर!" हातांचा, दादा. तिच्या हाताची गोष्ट आणि त्यांनी माझे हात बघितले. कुणी एकाने विचारलं नाही, की मग पुढे काय झालं, तिचं आता काय होणार. टाळ्या वाजवल्या, फीत लावली आणि विषय संपला. असा संताप आला! मी काय नाटक करायला गेले होते?

मूल्यमापन औषधाच्या दुकानातल्या बाईंकडे होतं. त्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून वाचून मुरलेल्या, एक अक्षर सोडत नाहीत. त्यांनी गोड-कडू-गोड केलंच नाही. म्हणाल्या, "मला तुमची मैत्रीण कळली. तिचा हात कळला. मला रडूही आलं. पण सात मिनिटं ऐकल्यावर माझ्या मनात एकच राहिलं, की चूक तिची होती. तुम्हाला हेच सांगायचं होतं का?"

अध्यक्ष घाईघाईने म्हणाले, "मूल्यमापन भाषणाच्या शैलीचं असतं, मजकुराचं नाही." बाई म्हणाल्या, "मग औषध कुठलं हे न बघता बाटली सुंदर म्हणायचं का?"

आणि आता लाजेची गोष्ट. शेवटच्या रांगेत शिट्टी बसलेली होती. मीच बोलावलं होतं. वाटलं होतं, तिला बरं वाटेल, कुणीतरी आपल्या बाजूने बोलतंय. जिन्यात मला गाठलं तिने. उजवा हात ओढणीत गुंडाळलेला. म्हणाली, "छान बोललीस गं. अहवालात पण हेच लिहिलंय. फक्त तो वाचून रडू येत नाही."

मी म्हटलं, "अगं, माझ्या मनात तसं नव्हतं."

"तुझ्या मनात काय असतं ते आजवर कुणाला कळलंय?" एवढं म्हणून ती खाली उतरून गेली. मागे वळून बघितलंही नाही.

जिन्यात उभी राहून मी पदरावरची फीत काढली, टाचणी बोटात घुसली. मनात म्हटलं, बरं झालं.

दादा, तू सांगितलंस ते वक्तृत्व म्हणून बरोबरच होतं. पण ती पट्टी काढल्यावर गोष्टच उलटी झाली आणि मला ते कळलं नाही. तुला कळलं नसेल? तू तर मशीन जाणतोस. रागावून विचारत नाहीये. कदाचित तुलाही फक्त भाषण दिसलं असेल, मला दिसलं तसं.

आता असं ठरवलंय: पुढच्या रविवारी लाँड्री बंद असते, मिस्त्रीला घेऊन मशीनचं पॅनेल उघडणार. पट्टी जागेवर होती तर मशीन थांबलं का नाही, एवढंच बघायचंय. कळवते.

तुझी,
गप्पू

•

२६ ऑगस्ट

गप्पू,

तुझं पत्र आत्ताच मिळालं, घाईने लिहितो. मशीन उघडू नकोस. तुला तो अधिकार नाही. चौकशी चालू असताना पॅनेलला हात लावलास तर तुझ्यावरच उलटेल, पुराव्यात ढवळाढवळ केली म्हणतील. मॅनेजर कसा आहे ते मला विचार, मी त्याच्या हाताखाली वीस वर्षं काढली. तुझ्या नोकरीचा विचार कर.

जुनी मशीनं असतात, वायरिंगमध्ये शंभर भानगडी असतात. नव्या मिस्त्रीला त्यातलं काय कळणार? एखादी वायर दिसली म्हणून तिचा अर्थ काहीही लावेल.

शिट्टीसाठी वाटलं तर आपण सगळे मिळून काही करू. मी करीन. पण हे राहू दे.

वहिनी विचारते आहे, तू इकडे केव्हा येतेस. ये चार दिवस.

दादा

•

३ सप्टेंबर

दादा,

तुझं पत्र पोचायच्या आधीच रविवार होऊन गेला होता.

मिस्त्रीने चार स्क्रू काढले आणि पत्रा खाली ठेवला. पट्टीचा स्विच जागेवर होता, कोरा, नव्यासारखा. वापरच नव्हता ना त्याला. त्याला बगल देऊन एक तांब्याची तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली. म्हणजे पट्टी कितीही रेटा, मशीनला कळणारच नाही. मिस्त्री म्हणाला, "बाई, ही आपोआप होणारी गोष्ट नाही. कुणीतरी बसून, मन लावून केलंय." मग वाकून म्हणाला, "जोड बघा. टेप नाही लावली, कापडाची नाडी आहे."

ती डॉक्टरांच्या गाऊनची सुती नाडी होती. चार वेढे, वर वार्निशचा हात. मी मिस्त्रीला फोटो काढायला सांगितलं, पत्रा पुन्हा लावायला सांगितलं, घरी आले. माझ्या टेबलावरच्या दिव्याच्या वायरीला तसाच जोड आहे. तूच करून दिला होतास. "टेप उन्हाळ्यात सुटते, नाडी जन्मात सुटत नाही," म्हणाला होतास.

मग मला तो उन्हाळा आठवला. नऊ वर्षं झाली असतील. जाड चादरी पट्टीला घासायच्या आणि मशीन दिवसातून चाळीसदा थांबायचं. मॅनेजर तुझ्या अंगावर ओरडायचा. आणि एका सोमवारी ते थांबायचं बंद झालं. मी म्हटलं, "दादा, जादू केलीस!" तू हसला नाहीस. मला तेव्हाच विचारता आलं असतं. मी नऊ वर्षं त्या मशीनवर बायका उभ्या केल्या, गाड्या वेळेवर भरल्या, शाबासकी घेतली आणि कधी विचारलं नाही, की पट्टी एकदाही कशी लागत नाही. हे माझ्या खात्यावरचं आहे. समितीपुढे मी ते आधी सांगणार आहे.

तार तुला मॅनेजरने घालायला लावली असणार, लेखी काही न देता. हे मला तू न सांगता कळतं. त्याने अहवाल वाचून "छान" म्हटलं तेव्हा त्यालाही तार ठाऊक होती. त्याच्याबद्दल माझ्या मनात काय आहे ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. आणि निवृत्त होताना तू नव्या मिस्त्रीला चाव्या दिल्यास, तेलाचे डबे दिलेस, कुठला नट कुठे सैल होतो ते सांगितलंस. एवढं एक सांगितलं नाहीस. तेही एक वेळ समजून घेईन. भीती मलाही ठाऊक आहे, मी तिच्यासोबतच मोठी झाले.

पण ती निळी पेन्सिल, दादा! ती मला समजून घेता येत नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा काही बोलायला निघाले होते. मशीनचं जाणणारा म्हणून तुझ्याकडे कागद पाठवला. आणि तू त्यातली नेमकी ती पाच वाक्यं शोधून काढलीस, ज्यांत तू होतास. वर मला शिकवलंस, की लोकांना रडवलं की झालं. रडणारी माणसं प्रश्न विचारत नाहीत हे तुला माहीत होतं. माझ्या तोंडून शिट्टीला दोषी ठरवलंस आणि खाली लिहिलंस, "तू लिहितेस चांगलं." ते वाक्य वाचून मी किती खूश झाले होते, तुला कल्पना नाही. दोन दिवस ते पत्र पर्समध्ये घेऊन फिरत होते. आता ते फाडावंसंही वाटत नाही.

"पोरगी बोलण्याच्या नादात असायची," असं लिहिलंस तू. तिचा हात आत गेला तेव्हा ती बोलत नव्हती. चादरीला चुणी पडली होती, ती सरळ करायला गेली. आपणच शिकवलंय सगळ्यांना, चुणी दिसली की लगेच सरळ करा, पट्टी आहे सांभाळायला.

काल शिट्टीकडे गेले. तार दाखवली, फोटोतली. तिने डाव्या हाताने फोटो डोळ्यांजवळ नेला. "म्हणजे माझ्या डोक्यात बिघाड नाही," म्हणाली. सहा महिने ती स्वतःला विचारत होती, की पट्टी लागल्याचं आपल्याला आठवतं ते खरं की भास. सहा महिने, दादा. जोड कुणाचा आहे ते मी तिला अजून सांगितलेलं नाही. माझी जीभ पुन्हा पहिल्यासारखी झाली.

तूही जाणतोस, की माझ्यावर तुझे काय काय उपकार आहेत. बाबा गेल्यावर तू शिकायचं सोडलंस, मला शिकवलंस, ही नोकरी लावून दिलीस. ते सगळं तसंच आहे. त्यातलं काही कमी झालेलं नाही आणि त्यानेच जास्त त्रास होतो.

चौकशी चौदा तारखेला आहे, सोमवारी सकाळी साडेदहाला, ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर. तारेबद्दल मी बोलणार. जोड कुणाचा असं विचारलं, आणि विचारतीलच, तर तुझं नाव सांगणार. ते सांगताना मी मोडून जाईन, पण सांगणार.

मला ते सांगायला लावू नकोस. तू ये. तूच सांग, की तार माझी, आणि ती घालायला कुणी सांगितलं तेही सांग. वहिनी नको म्हणेल, मुलांना काय वाटेल म्हणून तू दहा वेळा विचार करशील, आणि बारा तारखेला मला एक ओळीचं पत्र येईल, की तब्येत बरी नाही. मला ते आत्ताच वाचता येतंय. तरी विचारते. रविवारच्या गाडीने ये, माझ्याकडे उतर, आणि सोमवारी आत गेल्यावर शिट्टीच्या शेजारच्या खुर्चीवर बस. बसशील?

तुझी,
गप्पू